शालूबाई समुद्र चाखतात

वरवट बकालला नव्या विहिरीला पाणी लागलं की नारळ फुटतो, ढोल वाजतो, पण पेढ्याचा पुडा कोणी सोडत नाही. आधी शालूबाई दामधरांना बोलावणं जातं. त्या येतात, पदर डोक्यावरून घेतात, पितळी गडव्यातला पहिला घोट तोंडात धरून डोळे मिटतात, आणि तीन शब्दांपैकी एक शब्द सांगतात. गोड, मचूळ, नाहीतर खारं. मग पेढे वाटायचे की पुडा तसाच घरी न्यायचा, ते ठरतं.

बाहेरच्या माणसाला हे खूळ वाटेल. त्याने या खारपाणपट्ट्यात चार दिवस राहून पाहावं. पूर्णेच्या या अंगाला जमिनीखाली पाणी आहे, नाही असं नाही, पण ते असं की तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा न् दाणा मोजून घ्यावा. चहा फाटतो. साबण घासून घासून संपतो, फेस काही येत नाही. बरं, सगळीकडे सारखं असावं तर तेही नाही. बांधाच्या अलीकडे गोड आणि पलीकडे खारं. पाणी कुठे लागेल हे सांगणारे पाणाडे पैशाला पासरी मिळतात. लागलेलं पाणी कसं आहे हे जागेवर सांगणारी जीभ पंचक्रोशीत एकच.

ती जीभ त्या माहेराहून घेऊन आल्या. माहेर टुनकीचं, सातपुड्याच्या पायथ्याचं, तिथलं पाणी गोड. लग्न होऊन सासरी आल्या, उंबरठ्यावर सासूने पाण्याचा तांब्या पुढे केला, आणि नव्या नवरीने पहिलाच घोट सगळ्यांच्या देखत थुंकून टाकला. काय गहजब झाला म्हणता. सासू तीन दिवस बोलली नाही. पण पंगतीला हबीब नावाचा एक तरुण मिस्त्री बसला होता. विहिरी खोदणं हे त्याच्या घरचं पिढ्यांचं काम. त्याने नवरदेवाला, म्हणजे पुंजाजींना, बाजूला घेतलं आणि म्हणाला, "पुंजाजी, तुले बायको नाही भेटली, मशीन भेटली. माह्या विहिरीवर आणत जाय तिले." तेव्हापासून चाळीस वर्षं हबीबने खोदावं आणि शालूबाईंनी चाखावं असं चाललं. तो पितळी गडवाही हबीबनेच दिलेला, पहिली गोड विहीर लागली त्या दिवशी.

तर अशी ही जीभ दोन वर्षांपूर्वी गेली.

ताप आला, आठ दिवस राहिला, आणि जाताना तोंडाची चव घेऊन गेला. गोड-तिखट थोडं थोडं परतलं, पण मिठाचा पत्ता नव्हता. शालूबाईंनी कोणाला सांगितलं नाही. दवाखान्यात गेल्या तेव्हाही डॉक्टरांना म्हणाल्या, "माह्या शेजारणीचं इचारून राह्यलो." डॉक्टर म्हणाले, येते हळूहळू, कोणाची महिन्यात, कोणाची दोन वर्षांत, कोणाची राहूनही जाते. शेजारणीला धीर द्या. शालूबाईंनी घरी येऊन शेजारणीला धीर दिला, म्हणजे देवघरापुढे एकट्याच बसून राहिल्या.

बाई मोठी हिकमती. कोणाच्या बोअरचं पाणी चाखायचं झालं की गडवा ओठाला लावायच्या, मान डोलवायच्या आणि म्हणायच्या, "पाणी आत्ता गढूळ हाय, उद्या सांगतो." मग बाटलीभर पाणी पदराआड घरी आणायचं, त्यात डाळ टाकायची, साबण घासायचा, आणि दुसऱ्या दिवशी निकाल द्यायचा. निकाल एकही चुकला नाही. लोक म्हणाले, वयोमानाने शालूबाई पहिल्यापेक्षा जास्त नीट पाहायला लागल्या. स्तुती ऐकून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

घरी मात्र एक नवल झालं. सून पुष्पांजली अंगणवाडीत सेविका, त्यामुळे संध्याकाळची भाजी अजून शालूबाईंच्याच हातची, आणि सकाळची सुनेची. पूर्वी सकाळच्या जेवणात शालूबाईंचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "मीठ कमी हाय." गेली दोन वर्षं ते वाक्य घरात कोणी ऐकलं नव्हतं. बाया पुष्पांजलीला म्हणायच्या, तुझी सासू सुधारली व, नशीब काढलं. आणि संध्याकाळची शालूबाईंची भाजी तर अशी नेमकी व्हायची की नाव ठेवायला जागा नाही. त्यांना तेवढाच दिलासा होता. जीभ विसरली असेल, पण हाताला माप आठवतं, असं त्या स्वतःला सांगायच्या.

आणि आता हबीबने विहीर धरली. दुसऱ्याची नाही, स्वतःच्या शेतातली. जन्मभर लोकांच्या विहिरी खोदल्या, ही शेवटची आपली, म्हणाला. शुक्रवारी दुपारची नमाज झाली की पहिलं पाणी काढायचं, दोनशे माणूस जेवायला. वर घरी येऊन सांगून गेला, "शालूताई, उद्या सांगतो म्हणशीन तं चालणार नाही. तठीच सांगा लागीन, सगळ्यायच्या समोर."

शालूबाई हो म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार होत्या?

हे सगळं चालू असताना त्यांचा मुलगा ज्ञानेश्वर एक दिवस दुकानातून नाचतच घरी आला. त्याचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान आहे. एका बियाणं कंपनीची स्कीम होती, टार्गेट पूर्ण करणाऱ्या दुकानदाराला सहकुटुंब क्रूझची सहल. सोमवारी संध्याकाळी मुंबईहून निघायचं, मंगळवार अख्खा समुद्रात, बुधवारी सकाळी परत. ज्ञानेश्वरला वाटलं होतं, आईला तयार करायला आठ दिवस लागतील. शालूबाईंनी एवढंच विचारलं, "समुद्राचं पाणी खारंच असते ना?"

"हो ना माय. कोणतं गोड असते?"

"मंग मी येतो," शालूबाई म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या.

त्यांनी मनात कौल लावला होता. जगातलं सगळ्यात खारं पाणी ते. तेही जिभेला कळलं तर शुक्रवारी विहिरीवर ताठ मानेने जायचं. नाही कळलं, तर गुरुवारीच हबीबच्या घरी जाऊन खरं ते सांगायचं आणि गडवा त्याच्या हातात ठेवायचा.

मुंबईच्या बंदरावर सामान तपासायच्या यंत्रापाशीच पहिली अडचण आली. खारपाणपट्ट्यातला माणूस परगावी जाताना कपडे विसरेल, पाणी विसरत नाही. दामधरांच्या सामानात वान धरणाच्या नळाचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन होते. ते आत नेता येणार नाहीत म्हटल्यावर शालूबाई तिथल्या दोघा रखवालदारांना म्हणाल्या, "फेकू नका बाप्पा, प्या. पहाडातलं पाणी हाय." ते बिचारे प्याले. मग बॅगेतून तीस हात दोर निघाला.

"ये किसलिए, माताजी?"

"पानी निकालने."

"जहाज पे पानी मिलता है."

"मिलता है ते मले मालूम हाय," शालूबाई म्हणाल्या. पण दोर जमा झाला. पावती ज्ञानेश्वरने घेतली, कारण कंपनीचे साहेब मागेच रांगेत उभे होते आणि त्याला लवकरात लवकर दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा व्हावंसं वाटत होतं. गडवा तेवढा लुगड्यांच्या घडीत सुखरूप राहिला.

जहाज म्हणजे काय सांगावं. अकरा मजले, जिन्यांवर गालिचे, आणि चालतंय की उभं आहे तेही कळेना. मंगळवारी सकाळी पुंजाजी वरच्या मजल्यावर गेले आणि कठड्याला धरून कितीतरी वेळ नुसते पाहत राहिले. चारी बाजूंनी पाणी. झाड नाही, बांध नाही, विजेचा खांब नाही. सत्तरीचा माणूस, पन्नास पावसाळे आभाळाकडे पाहत शेती केलेला. शेवटी म्हणाले, "एवढं पाणी, अन् एक एकर भिजून नाही राह्यलं." पण हे बोलताना ते हसत होते. थोड्या वेळाने जालन्याकडच्या दुकानदारांनी त्यांना ओढून नाचात घेतलं, कंपनीची टोपी डोक्यावर उलटी बसवली, आणि पुंजाजींनी पोळ्याला बैलापुढे नाचतात तसा जो नाच धरला, त्याचे फोटो चार राज्यांतल्या लोकांनी काढले. नात करिष्मा सहावीत आहे. ती घसरगुंडीवरून पाण्याच्या हौदात चौदा वेळा घसरली आणि पंधराव्यांदा रांगेत उभी होती. पुष्पांजली आरामखुर्चीवर पाय पसरून बसली होती, आणि दर पाच मिनिटांनी आपल्याला कोणी हाक कशी मारत नाही म्हणून दचकून इकडे तिकडे पाहत होती.

शालूबाई मात्र गडवा पिशवीत घालून समुद्र शोधत फिरत होत्या. समुद्र सगळीकडे दिसत होता आणि कुठूनही हाताला लागत नव्हता. हौदातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी तोंडात घातलं, तर नुसता औषधाचा वास. करिष्मा वरून ओरडली, "आजी, त्याच्यात सगळे पोट्टे आंघोळ करून राह्यले." शालूबाईंनी पदराने तोंड पुसलं.

खोलीवर परतल्या तर झाडपूस करणारी एक मुलगी चादर बदलत होती. शालूबाई आपल्याशीच पुटपुटल्या, "मले जराकसं पाणी पाह्यजे होतं, तं तेबी भेटत नाही." ते 'मले' ऐकून मुलीने चादर खाली ठेवली.

"मावशी, तुम्ही कुठच्या?"

मुलगी मेहकरची निघाली, नाव धम्मशीला. आठ महिने घर सुटलेलं. शालूबाईंनी तिला तिथल्या तिथे शेंगदाण्याची चटणी आणि दोन दशम्या दिल्या, आणि ती पलंगाच्या कडेवर बसून खाता खाता जहाजाची गुपितं सांगू लागली. म्हणाली, मावशी, इथलं पिण्याचं पाणी बंदरातून भरतात ते थोडंच, बाकीचं समुद्राचंच. खाली मोठ्या मशिनी आहेत, त्या खारं पाणी घेतात आणि गोड करून देतात.

"फिल्टरसारखं," शालूबाई म्हणाल्या. गावात फिल्टरच्या पाण्याचं मशीन होतंच. "मंग त्या मशिनीतून गोड व्हायच्या आधीचं गडवाभर आणून देशीन काय?"

"नाही मावशी, तिथं आम्हाला बी जाऊ देत नाहीत. कशाला पाहिजे?"

शालूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, सुनेला नाही, ते ओठावर येऊन राहिलं. "असंच," त्या म्हणाल्या.

धम्मशीला गेली आणि शालूबाईंनी बॅगेतून दोन नऊवारी लुगडी काढली. आडाला दोर नसला म्हणून कोणी तहानेने मरत नाही. पाचव्या मजल्यावर जहाजाच्या कडेने फिरायची एक लांबलचक गॅलरी होती, तिथून पाणी सगळ्यात जवळ. त्यांनी पुंजाजींना नाचातून हाताला धरून बाहेर काढलं आणि तिथे आणून उभं केलं.

"काय करून राह्यली व तू?" पुंजाजी घाम पुसत म्हणाले.

"पाणी काढून राह्यलो. हे टोक धरा. सोडू नका."

चाळीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट पुंजाजींना पक्की ठाऊक होती. बायको पाण्याच्या मागे लागली की कारण विचारायचं नाही. त्यांनी लुगड्याचं टोक मनगटाला गुंडाळलं आणि कठड्याला पाय लावून उभे राहिले. दुसऱ्या टोकाला गडव्याच्या गळ्याशी गाठ मारून शालूबाईंनी तो खाली सोडला. जांभळं लुगडं, त्याला गाठलेलं हिरवं लुगडं, आणि तळाशी उन्हात चमकणारा गडवा. वारा काही त्याला सरळ जाऊ देईना. तो हेलकावे खात जहाजाच्या अंगावर टण टण आपटत निघाला. दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब खिडकीशी नाश्ता करत बसलं होतं. त्यांनी पाव तोंडाशी नेला आणि खिडकीतून एक गडवा गेला. थोड्या वेळाने परत आला. मग पुन्हा गेला.

शेवटी तो पाण्याला टेकला. शालूबाईंनी जन्मभराच्या सवयीने मनगटाला हलका हिसका दिला. विहिरीवर असा हिसका दिला की गडवा कुशीवर होतो, भरतो आणि बुडतो. पण विहिरीचं पाणी उभं असतं. हे पळत होतं. गडवा भरला तो भरलाच, आणि एखाद्या बैलाने दावं ओढावं तशी खालून ओढ बसली. पुंजाजी कठड्यावर आदळले. "सोडू काय? सोडू काय?" ते विचारत होते आणि सोडत मात्र नव्हते. पुढच्या क्षणी ओढ एकदम सैल झाली. दोघेही मागे जाऊन बुडावर आपटले.

लुगडं वर आलं. त्याला गडवा नव्हता.

शालूबाई बसल्या जागी ते रिकामं टोक हातात घेऊन पाहत राहिल्या. चाळीस वर्षं. किती विहिरींचं पहिलं पाणी त्या गडव्याने त्यांच्या ओठाला लावलं होतं, आणि आज तो समुद्राने असा घेतला, घरचा कोणी माणूस गर्दीत हात सुटून जावा तसा. त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांच्या हाताला ओल लागली. लुगड्याचा पदर चिंब भिजलेला होता. समुद्र त्याच्यात होता.

मागून रखवालदार धावत येत होता, त्याच्या मागे धम्मशीला, तिच्या मागे ज्ञानेश्वर. कोणी काही म्हणायच्या आत शालूबाईंनी पदराचा तो बोळा तोंडात घातला, पिळला आणि डोळे मिटले.

रखवालदार थबकला. त्याच्या शिकवणीत हे आलं नसावं.

काहीतरी लागलं. जिभेच्या कडांना चुणचुण झाली. पण शालूबाईंचं मन मानेना. समुद्र खारा असतो हे शेंबडं पोरही जाणतं. जे आधीच माहीत आहे ते जिभेला कळलं, की डोक्यानेच जिभेला सांगितलं? विहिरीवर तर काही माहीत नसताना सांगायचं असतं. त्यांनी पुन्हा पिळलं, पुन्हा चाखलं. आता तर नुसती लुगड्याच्या रंगाची तुरट चव आल्यासारखी वाटली. जितकं चाखावं तितकं कमी कळत गेलं.

मग जे व्हायचं ते झालं. रखवालदाराने नाव, खोली नंबर लिहून घेतला. धम्मशीलेने हात जोडून सांगितलं की या मावशी विहिरीवरच्या आहेत, त्यांना सवय आहे. विहिरीवरच्या म्हणजे काय ते रखवालदाराला कळलं नाही, पण कठड्यावरून पुन्हा काही सोडायचं नाही एवढ्या बोलीवर त्याने सोडून दिलं. ज्ञानेश्वर कपाळाला हात लावून म्हणाला, "माय, काऊन केलं व तू हे? कंपनीचे साहेब खिडकीपाशीच बसले होते."

"मंग त्यायले गडवा दिसला असंन," पुंजाजी कंबर चोळत म्हणाले. "इचार त्यायले, कोणत्या बाजूले गेला?"

दुपारच्या जेवणाला पाचही जण एका टेबलाभोवती बसले. जेवण चाळीस प्रकारचं मांडलेलं होतं. ज्ञानेश्वर रागाने सात प्रकार घेऊन आला होता. करिष्माच्या ताटात नुसतं आइस्क्रीम होतं आणि आज तिला कोणी रागावणार नाही हे तिने बरोबर हेरलं होतं. पुष्पांजलीने सासूला आवडतो म्हणून साधा वरण-भात आणून समोर ठेवला, तसाच स्वतःलाही घेतला.

शालूबाई भात कालवत होत्या आणि मनात हबीबशी बोलत होत्या. हबीबभाऊ, जीभ गेली. नाही, असं नको. हबीबभाऊ, आधी गडव्याचं सांगतो, मंग जिभेचं. की आधी जिभेचं? तो काय म्हणेल? काही म्हणणार नाही, तेच तर वाईट. शुक्रवारी दोनशे माणसांसमोर त्याच्या विहिरीचं पाणी कोण चाखेल? त्यांनी घास तोंडात टाकला, चावला, गिळला, आणि दुसरा घास कालवता कालवता म्हणाल्या, "वरणात मीठ कमी हाय."

पुष्पांजलीचा चमचा हवेतच राहिला.

"आत्या," ती म्हणाली, "काय म्हणलं तुमी?"

"काय म्हणलं?"

"आत्ता. वरणाचं."

शालूबाईंचा कालवणारा हात थांबला. आपण काय बोललो ते त्यांना आता ऐकू आलं. त्या वरणाकडे पाहू लागल्या. पुष्पांजलीने पटकन त्या वाटीत बोट बुडवून चाखलं आणि म्हणाली, "हाव. कमी हाय. लय कमी हाय."

"मले तं बराबर लागते," पुंजाजी म्हणाले. त्यांना ब्लडप्रेशर असल्याने ते आठ वर्षं बिनमिठाचंच जेवत होते, तेव्हा त्यांची साक्ष कोणी धरली नाही.

पुष्पांजलीने तीन ग्लास पाणी भरलं, शालूबाईंना डोळे मिटायला लावले आणि करिष्माच्या कानात काहीतरी सांगितलं. करिष्मा मिठाची डबी घेऊन कामाला लागली. आजूबाजूच्या टेबलांवरचे दुकानदार खुर्च्या वळवून पाहू लागले. शालूबाईंनी पदर डोक्यावरून घेतला. पहिला ग्लास ओठाला लावला, घोट तोंडात धरला. विहिरीच्या काठावर उभ्या असल्यासारख्या ताठ झाल्या.

"मचूळ," त्या म्हणाल्या. दुसरा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खारं. पोरी, मूठभर टाकलं काय व?" तिसऱ्याला मात्र त्यांना वेळ लागला. घोट इकडून तिकडे फिरवला, गिळला, पुन्हा एक घेतला. "हे गोड हाय. पण याले माती नाही. ना काळी, ना मुरूम. जमिनीतून आलंच नाही हे. अनाथ पाणी हाय बिचारं."

"तिसऱ्यात काहीच नव्हतं, आजी," करिष्मा म्हणाली. "नळाचं होतं. जहाजाचं."

पुंजाजींनी टेबलावर हात मारला. जालन्याकडच्यांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते त्यांना माहीत नव्हतं, पण त्या माणसांना सकाळपासून कारण लागतच नव्हतं. ज्ञानेश्वर एकदा आईकडे, एकदा बायकोकडे पाहत होता. "झालं काय? मले कोणी सांगन काय?"

"शुक्रवारी हबीबभाऊच्या विहिरीवर जाऊन राह्यलो आपण," शालूबाई म्हणाल्या. "मुंबई आली का फोन लाव त्याले. म्हण, गडवा समुद्रात गेला, नवा तूच आण. पुढचं मी पाहतो." आणि त्या हसायला लागल्या. दोन वर्षांचं साचलेलं हसू होतं ते, लवकर थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ओठावर आलं. तेही खारट लागलं.

मग एकाएकी त्या सुनेकडे वळल्या. "पण तुले कसं मालूम? मी कोणाले सांगतलं नाही."

पुष्पांजलीने मान खाली घातली. "एक दिवस तुमी मीठ कमी म्हणणं बंद केलं, आत्या. पह्यले मले बरं वाटलं. मंग एक दिवस माह्याच्यानं भाजीत मीठ टाकाचं राहूनच गेलं. तुमी पुरं ताट जेवल्या, काही बोलल्या नाही. मले भेव वाटलं."

"अन् माही सांजची भाजी?"

"तुमी भाजी उतरवून देवापाशी दिवा लावाले जाता ना, तवा मी चाखून पाहतो. कमी असलं तं टाकतो. जास्त असलं तं कणकीचा गोळा सोडतो."

"रोज?"

"रोज."

"दोन वर्षं? अन् मले सांगतलं नाही?"

"तुमी तरी कुठी सांगतलं," पुष्पांजली म्हणाली.

म्हणजे हाताला माप आठवत नव्हतं. हात दोन होते, एक आपला अन् एक सुनेचा. लग्नाच्या दिवशी आपण ज्या घरात घोट थुंकला, त्याच घरात ही पोरगी दोन वर्षं न बोलता आपलं झाकत आली, आणि वर गावातल्या बायांकडून सासू सुधारली म्हणून ऐकत आली. शालूबाईंना काहीतरी बोलायचं होतं, पण एवढं मोठं बोलायची त्यांना सवय नव्हती. तीन शब्दांत निकाल देणारी बाई ती.

त्यांनी करिष्माच्या हातातून मिठाची डबी घेतली आणि आधी सुनेच्या वाटीत चिमूटभर मीठ घातलं, बोटाने ढवळलं, चाखून पाहिलं.

"आता खाय," त्या म्हणाल्या. "आता बराबर हाय."